विजेची दुचाकी आणि घरातली बॅटरी



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्याकडे विषय मागितला, तेव्हा मी मजुरी, बोनस किंवा माथाडी कायदा यांपैकी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. या वर्षी मात्र मी मुद्दाम दुसरा विषय घेतला आहे. विजेच्या दुचाकीची बॅटरी घरच्या घरी चार्ज कशी करावी, त्यासाठी भिंतीवर काय बसवावे आणि काय बसवू नये, हा तो विषय. मी अभियंता नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. विजेचे जे थोडेफार समजते ते वायरमनच्या हाताखाली उमेदवारी करताना, वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि काही चटके बसून समजलेले आहे. पण आज जे सांगणार आहे ते जाणकारांकडून तपासून घेतले आहे, आणि आकडे तुम्ही घरी जाऊन कागदावर पडताळून पाहू शकाल असेच देणार आहे.

कामगारांच्या सभेत हा विषय यावा याला कारण आहे. आमच्या सभासदांमध्ये डाळ मिलमधले हमाल आहेत, जिनिंगमधले कामगार आहेत, दुकानांतले नोकर आहेत. पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले आणि अंगणवाडीच्या भगिनी आमच्याकडे अडचणी घेऊन येतात. पाचोऱ्याची छोटी गाडी २०२० साली थांबली. पेट्रोलचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा नेरी, पहूर या बाजूंनी कामाला येणाऱ्या माणसाने हप्त्यावर विजेची दुचाकी घेतली तर त्यात नवल नाही. गाडी घेताना त्याला हप्ता किती हे सांगतात, एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाईल हे सांगतात. ही चार्ज कुठे करायची, हे कोणी सांगत नाही. ती कुठे होते ते मी पाहिले आहे. माणूस संध्याकाळी बॅटरी गाडीतून काढतो, पिशवीसारखी हातात धरून घरात आणतो आणि पंख्याच्या बोर्डात पीन खोचून तिच्याशेजारी निजतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास मला फोन आला. बाजारामागच्या एका भाड्याच्या खोलीत आमचा एक हमाल राहतो. नवरा-बायको आणि दोन मुले, एकच खोली. मी पोचलो तेव्हा बॅटरी दारापुढे गटाराच्या काठावर ठेवलेली होती आणि आळीतली माणसे दहा हातांवरून तिच्याकडे पाहत होती. पेटली नव्हती. पण तिची पेटी एका बाजूने फुगली होती आणि नेलपॉलिशसारखा उग्र गोडसर वास येत होता. त्या वासानेच बायकोला जाग आली आणि तिने पीन ओढून काढली. फरशीवर पसाभर काळा डाग पडला होता. मी विचारले, चार्जर कुणाचा? तो म्हणाला, "माझा बिघडला होता आप्पा, शेजारच्याचा लावला. पिन बसली ना, म्हणून लावला."

माझे आजचे सगळे व्याख्यान या एका वाक्याविषयी आहे असे समजा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही चार्जर मीटर लावून पाहिले. शेजाऱ्याच्या चार्जरमधून सुमारे ५८.८ व्होल्ट येत होते. हमालाच्या बॅटरीवरच्या चिठ्ठीत, वाचायला भिंग लागावे इतक्या बारीक अक्षरात, ५४.६ व्होल्ट असे छापलेले होते. दोन्ही गाड्यांना बाजारात '४८ व्होल्टची गाडी' असेच म्हणतात. मग हा फरक कुठून आला?

बॅटरी म्हणजे एक वस्तू नव्हे. ती अनेक लहान सेलांची पंगत असते. शेजाऱ्याची गाडी जुन्या पद्धतीची, शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची होती. १२ व्होल्टच्या चार पेट्या एकामागे एक जोडल्या की ४८ होतात. पण भरताना प्रत्येक पेटीला साडेचौदा व्होल्टच्या आसपास न्यावे लागते, म्हणून चार्जर ५८-५९ पर्यंत चढतो. हमालाची बॅटरी लिथियमची. निकेल असलेल्या जातीच्या लिथियम सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. असे १३ सेल ओळीने जोडलेले होते. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. आता ५८.८ ला १३ ने भागा. प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टांहून अधिक ताण येतो. ४.२ च्या जागी साडेचार हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. सेलच्या पोटात तो किरकोळ नसतो.

त्या पोटात काय असते तेही पाहू. दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा प्लॅस्टिकचा पडदा, असे एकत्र गुंडाळून द्रवात भिजवलेले असतात. हा द्रव जळणारा आहे, हे ध्यानात ठेवा. चार्ज करताना लिथियमचे कण एका पत्र्यातून सुटून दुसऱ्या पत्र्याच्या थरांत जाऊन बसतात. गाडी चालवताना ते परत येतात. मर्यादेपलीकडे रेटले की ते थरांत न बसता पृष्ठभागावर धातू होऊन साचू लागतात. त्यांचे काटे पडद्याला भोसकू शकतात. दुसऱ्या बाजूचा पत्राही अस्थिर होतो. आत उष्णता वाढली की त्या उष्णतेनेच पुढची क्रिया चालू होते, तिच्यामुळे आणखी उष्णता, आणि एका सेलची आग शेजारच्या सेलला लागते. मग बाहेरून वीज तोडली तरी ते थांबत नाही. या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रथम विक्रीला आणल्या त्या १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने, आणि ज्या तिघांच्या संशोधनावर त्या उभ्या आहेत त्यांना, म्हणजे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वस्तू थोर आहे यात शंका नाही. पण थोर वस्तूसुद्धा मापात वापरावी लागते.

लिथियमची दुसरी एक जात आहे, लोह-फॉस्फेटची. ती अधिक सोशिक असते, सहजी भडकत नाही. पण तिचे गणित निराळे. तिचा सेल ३.६५ पर्यंत भरतात आणि ४८ च्या नावाने विकल्या जाणाऱ्या बॅटरीत असे बहुधा १६ सेल असतात; म्हणजे ५८.४ व्होल्ट. म्हणजे ४८ व्होल्टच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या बॅटऱ्या आणि तीन वेगवेगळे चार्जर झाले. पीन मात्र पुष्कळदा तिन्हींची सारखीच असते. हा कारखानदारांचा मोठा दोष आहे असे माझे स्पष्ट मत आहे. गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटर दुसऱ्याच्या तोंडावर बसू नये याची काळजी घेता येते, तर येथे का घेता येऊ नये?

कोणी म्हणेल, बॅटरीत रखवालदार असतो ना? असतो. बी.एम.एस. म्हणतात ती इलेक्ट्रॉनिक पट्टी प्रत्येक सेलचे व्होल्टेज पाहते आणि मर्यादा ओलांडली की प्रवाह तोडते. मग हमालाच्या बॅटरीत तिने तो का तोडला नाही? कारण सहा महिन्यांपूर्वी बॅटरी मधूनच बंद पडते म्हणून त्याने ती एका दुरुस्तीवाल्याकडे दिली होती, आणि त्या गृहस्थाने रखवालदारालाच बाजूला सारून सरळ तार जोडून दिली होती. बॅटरी चालू लागली, माणूस खूश झाला. पण ती मधूनच बंद का पडत होती, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. एखादा सेल कमजोर झाला होता आणि रखवालदार तेच सांगत होता.

तेव्हा पहिले काम भिंतीवरचे नाही, चिठ्ठीवरचे आहे. बॅटरीवर तिची जात आणि पूर्ण भरल्यावरचे व्होल्टेज वाचा. चार्जरवर 'आउटपुट' म्हणून जे लिहिले असेल ते वाचा. दोन्ही जुळले पाहिजेत. वाचता येत नसेल तर मुलाला वाचायला सांगा. मग बॅटरीवर आणि तिच्या चार्जरवर एकाच रंगाचा ठिपका द्या. आमच्याकडे हे काम घरातल्या नेलपॉलिशने झाले. लाल ठिपक्याचा चार्जर लाल ठिपक्याच्या बॅटरीलाच. चार्जर बिघडला तर त्याच कंपनीचा, त्याच आकड्यांचा नवा घ्यावा. तोवर दोन दिवस पायी किंवा एस.टी.ने यावे, मालकाशी मी बोलतो.

आता भिंतीकडे वळू. लोकांचा असा समज आहे की ही गाडी म्हणजे विजेवर फार मोठा भार. तसे नाही. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. दोन्हींचा गुणाकार ११५२, म्हणजे सुमारे सव्वा युनिटाच्या आतच. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, म्हणून मीटरवर १.३ युनिटांच्या आसपास पडेल. ६ अँपिअरचा चार्जर भिंतीतून दीड-दोन अँपिअरच ओढतो. घरातली इस्त्री याहून अधिक ओढते. मोठ्या, नोंदणीच्या गाड्यांचे चार्जर साडेसातशे वॉटच्या घरात जातात. तेही साडेतीन अँपिअरच झाले.

मग सॉकेट का वितळतात? इस्त्री दहा मिनिटे चालते, चार्जर चार-पाच तास चालतो, हे एक कारण. दुसरे कारण सैल पकड. सॉकेटच्या आतले पितळी ओठ सैल झाले की पीन टेकते पण घट्ट धरली जात नाही, आणि त्या जागी प्रवाहाला अडथळा होतो. समजा अडथळा अर्धा ओहम आहे आणि प्रवाह साडेतीन अँपिअर. प्रवाहाचा वर्ग करून अडथळ्याने गुणा: सहा वॉट. सहा वॉट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ते प्लॅस्टिकच्या बंद डबीत, नखाएवढ्या जागी, पाच तास साठत राहतात. तुमच्या घरी पीन काढल्यावर सॉकेटचे भोक तपकिरी दिसले किंवा पीन हाताला चटका देऊ लागली, तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला. एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जर लावू नका. त्यात पकडीच्या जागा दुप्पट होतात.

घरी चार्जिंगची जागा करायची तर मी असे सांगतो. मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून एक स्वतंत्र वायर न्यावी, तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची, आय.एस.आय. छापाची. तिच्या शेवटी १६ अँपिअरचे सॉकेट आणि स्विच, छातीच्या उंचीवर. चार्जरची पीन ६ अँपिअरची असेल तर त्याच दर्जाचे ६ अँपिअरचे सॉकेट चालेल. पण मोठ्या भोकात लहान पीन खोचण्याची कसरत नको. या वायरीच्या मुळाशी एक एम.सी.बी. आणि एक आर.सी.सी.बी. बसवावा. लोक या दोहोंना एकच समजतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. एम.सी.बी. हा वायरीचा रक्षक. प्रवाह फार झाला की तो पडतो. पण माणसाला मारायला फार प्रवाह लागत नाही. दोनशे मिलिअँपिअरसुद्धा पुष्कळ झाले, आणि तेवढ्याने एम.सी.बी.ला काही कळतही नाही. आर.सी.सी.बी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. हिशेबात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जात आहे, की तो पापणी लवायच्या आत तोडतो. आमच्या युनियनच्या हिशेबनिसासारखा तो आहे. किती खर्च झाला याचे त्याला काही नाही, जमा आणि खर्च जुळले पाहिजेत. त्यावर एक लहान बटण असते ते महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही पाहावे. न पडला तर तो फक्त शोभेचा आहे.

आणि अर्थिंग. भाड्याच्या किती खोल्यांत ते असते? मी मोजायचे सोडून दिले. सॉकेटला तिसरे भोक असते, त्याच्यामागे तार नसते. काही जण तर चार्जरची तिसरी पीनच पक्कडीने तोडतात, कारण ती भोकात बसत नाही. जेथे अर्थिंग आहे तेथेही आपल्या भागात एक निराळी अडचण आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी असते आणि चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या, भेगाळलेल्या मातीत अर्थचा नळ सुटा उभा राहतो. मातीशी त्याचा संबंधच उरत नाही. म्हणजे कूलर, चार्जर आणि ओली फरशी हे तिन्ही ज्या महिन्यांत एकत्र येतात त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवण्यासाठी. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावे. मला काम येते तरी माझ्या घरचे मी परवानाधारकाकडूनच केले. आणि विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो वायरमनला आधी दाखवावा.

बिलाचे भय किती बाळगावे? महिन्याचे २६ दिवस, रोज पूर्ण बॅटरी, तर ३४ युनिट. ज्या घरात ९० युनिट येत होते तेथे १२४ येतील. आपल्याकडे घरगुती दराची पहिली पायरी १०० युनिटांची आहे, पुढची ३०० पर्यंत. पुष्कळांना वाटते की १०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसे नाही, वरच्या २४ युनिटांनाच तो लागतो. तुमच्या बिलावरचे दर घेऊन हा हिशेब करा आणि महिन्याच्या पेट्रोलशेजारी मांडा. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी खुलासा केला आहे की वाहनाची बॅटरी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, त्यासाठी वीज कायद्याचा परवाना लागत नाही. पण याचा अर्थ घरगुती मीटरवर पैसे घेऊन आळीतल्या दहा गाड्या लावाव्यात असा कोणी घेऊ नये. घरगुती जोडणीवर धंदा केला तर २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ आहेच. तसे करायचे तर महावितरणकडे वाहन-चार्जिंगची वेगळी जोडणी आणि वेगळा दर आहे, तो घ्यावा.

आता जागा आणि वेळ. लिथियम बॅटरी सामान्यतः ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावी असे बनवणारे सांगतात. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ वर जातो. पत्र्याच्या शेडखालची दुपार तर विचारू नका. शिवाय उन्हातून चालवून आणलेली बॅटरी आतून आणखी तापलेली असते. ती आल्या आल्या लावू नये. तासभर सावलीत, हवेवर ठेवावी. मग थंड वेळ कोणती? पहाटेची. पण माणूस झोपलेला असताना चार्जिंग चालू ठेवू नये, असेही मी सांगणार. यात विरोध दिसतो खरा. त्याला तोड अशी की पहाटे पाचला उठल्यावर लावावी. रिकामी बॅटरी ६ अँपिअरने चार तासांत बहुतेक भरते, शेवटी माठ काठोकाठ भरताना धार बारीक करावी तसा चार्जर प्रवाह कमी करत नेतो, त्याला आणखी तासभर. पण रोज बॅटरी पूर्ण रिकामी होत नाही. अर्धी वापरलेली असेल तर साडेसातपर्यंत काम होते. पंचवीस-तीस टक्के उरले असताना लावावी, पार शून्यावर नेऊ नये. शिसे-आम्लाची मात्र वापरल्यानंतर त्याच दिवशी भरावी; रिकामी ठेवली तर तिच्या पत्र्यांवर खडा बसतो. आणि तिच्यातून हायड्रोजन निघतो. भुसावळला रेल्वेत डब्यांच्या बॅटऱ्यांवर काम करणारा माझा एक नातलग होता. तो लहानपणी मला बॅटरीच्या खोलीत न्यायचा, पण दाराबाहेर आपल्या खिशातली काडेपेटी काढून खिडकीत ठेवायचा. त्या वेळी मला ते देवळाबाहेर वहाणा काढण्यासारखे वाटायचे.

जागा ओट्यावरची, छप्पर असलेली, विटांची भिंत आणि शहाबादी फरशी असलेली. खाटेवर, गोधडीवर, पोत्यावर बॅटरी ठेवू नये. आणि येथे खेड्यातून आलेल्या मंडळींनी नीट ऐकावे. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवण्याची आपली रीत आहे. ज्या घरात कापूस आहे त्या घरात बॅटरी चार्ज करू नका, त्याच्या लगतच्या भिंतीलाही नको. जिनिंगमध्ये एका ठिणगीने काय होते ते आमच्या लोकांनी पाहिले आहे.

बाहेर जायच्या वाटेवरही ती नको. हे मी अंदाजाने सांगत नाही. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादला एका इमारतीत खाली विजेच्या स्कूटरांना आग लागली, वर लॉज होते; धूर जिन्याने वर चढला आणि आठ माणसे गेली. त्याच महिन्यात आपल्या वसईत एका घरात रात्री बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावलेली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत सात वर्षांचा मुलगा निजलेला होता. तो भाजला आणि काही दिवसांनी इस्पितळात दगावला. आमच्या हमालाच्या फरशीवरचा डाग पाहून मला प्रथम ती बातमी आठवली. त्याची धाकटी मुलगी त्या जागेपासून दोन हातांवर निजलेली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला एका कंटेनरमधून चाललेल्या ४० नव्या स्कूटरांपैकी २० जळाल्या. तेथे तर कोणी चार्जही करत नव्हते. असे प्रकार वाढल्यावर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. दुचाकीसाठी ए.आय.एस. १५६ हे मानक आहे. त्याच्या नव्या अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाल्या. त्यांत पाण्यापासून बचाव, तापमान पाहणारे अनेक मापक, एक सेल भडकल्यास गाडीवरच्या माणसाला सूचना, चार्जरने आपोआप तोडणे, अशा गोष्टी आहेत. गाडी घेताना या मानकाचे प्रमाणपत्र मागा. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या गाड्यांना नोंदणी आणि परवाना लागत नाही. म्हणून तशा म्हणून विकलेल्या गाड्या मागाहून तारा फिरवून चाळीसने पळवून देणारे लोक आहेत. त्या गाडीची बॅटरी त्या कामासाठी केलेली नसते. हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढे विचारा.

पेटलीच तर? पीन ओढायला जवळ जाऊ नका, मुख्य स्विच पाडा. माणसे बाहेर काढा, दार लोटून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. धूर विषारी असतो. वीज तोडल्यावर दुरून पाणी, आणि पुष्कळ पाणी. बॅटरीला थंड करणे हाच उपाय आहे. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात परत आणू नये. फुगलेली, आपटलेली, पुराच्या पाण्यात बुडालेली बॅटरी चार्ज करून पाहण्याचा मोह टाळावा.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एका सभेत एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही ओटा म्हणता, मोकळी हवा म्हणता. आमाले खोलीच एक आहे. ओटा घरमालकाचा. तो म्हणतो, तारही ओढू नका." माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी ज्याला सावधगिरी म्हणत होतो तिला जागा लागते, आणि जागेला भाडे लागते. गाडी बाहेर ठेवून बॅटरी आत न आणावी, तर ती चोरीला जाते. दोन महिन्यांची मजुरी एका रात्रीत.

तेव्हा आम्ही मागणी कामाच्या जागेकडे नेली. गाडी दिवसभर तेथेच उभी असते, माणसे जागी असतात. दोन मालकांशी बोललो. एक म्हणाला, बिल कोणी भरायचे? मी त्याच्यासमोर १.३ युनिटांचा गुणाकार मांडला. माणशी जे आले ते त्याच्या कचेरीतल्या चहाहून फार नव्हते; तो हसला आणि विषय बदलला. तो अजून बदललेलाच आहे. दुसऱ्याने आगीची भीती सांगितली. ती भीती योग्य होती, आणि मी तसे कबूल केले. डाळीचा भुसा आणि बारदान असलेल्या जागी चार्जिंग मागणे हा शहाणपणा नव्हे. मग फाटकाजवळ, गोदामापासून दूर, दोन बाजूंनी उघडी अशी एक जागा ठरली. विटांची भिंत, वर पत्रा आणि पत्र्याखाली तट्ट्या, म्हणजे ऊन सरळ उतरत नाही. आठ सॉकेट, प्रत्येकाला आपला एम.सी.बी., सर्वांवर आर.सी.सी.बी., नवा अर्थचा खड्डा. आठ चार्जर प्रत्येकी दोन अँपिअर म्हणजे सोळा अँपिअर. तेवढ्या हिशेबाने जाड वायर. खर्च मालकाचा, मजुरी आमच्या एका सभासद वायरमनची. सकाळी आठ ते अकरा एवढीच वेळ. दुपारी, एप्रिल ते जून, स्विच पाडलेला. सॉकेटवर रंगाचा ठिपका, तोच चार्जरवर, तोच बॅटरीवर.

एक अट मात्र आमच्याच लोकांना झोंबली. बाहेर उघडून दुरुस्त केलेली बॅटरी या जागी लावायची नाही, असे आम्ही ठरवले. पहिल्याच आठवड्यात तीन जण अडले, आणि त्यांत तो हमालही होता. त्याने नवी बॅटरी घेतली नव्हती. जुनीच पुन्हा उघडून, कमजोर सेल बदलून आणली होती. या वेळी रखवालदार-पट्टी नवी बसवली आहे, असे तो शपथेवर सांगत होता, आणि खरेही असेल. पण ते तपासायचे साधन आमच्यापाशी नाही. मालकाशी भांडताना मला कधी जड गेले नाही, त्या सकाळी गेले. तो म्हणाला, "आप्पा, तुम्ही युनियनचे का मालकाचे?" मी बॅटरी परत त्याच्या हातात दिली. पतपेढीतून त्याला नव्या बॅटरीसाठी कर्ज मंजूर करून घ्यायला दीड महिना लागला. तोवर तो सायकलने येत होता आणि माझ्याशी बोलत नव्हता.

नवी बॅटरी पाचव्या सॉकेटला लागते. ठिपका हिरवा आहे. अर्थच्या खड्ड्यात सोमवारी आणि गुरुवारी बादली ओतायचे काम त्याने स्वतःहून घेतले आहे. पावसाळा लागेपर्यंत ते चालू राहील. त्यानंतर पत्र्याच्या कडेने गळणारे पाणी सॉकेटवर येऊ नये म्हणून पन्हळ बसवायची आहे, तिचा खर्च कोणी करायचा यावर मालकाशी बोलणी चालू आहेत.